सात नंबरची भिंत, एकास तीन

मी माणूस म्हणून कसा आहे याबद्दल दुमत असू शकेल, पण गणिताचा मास्तर म्हणून माझ्याबद्दल लोणावळ्यात दुमत नव्हतं. ‘नव्हतं’ असं भूतकाळात लिहावं लागतंय, याला आमच्या घरासमोरची तीस फूट भिंत कारणीभूत आहे.

आमची सोसायटी भांगरवाडीच्या मागच्या अंगाला, एका ओळीत बारा घरांची. समोर बाराही घरांची मिळून एक लांबलचक कुंपणाची भिंत. ज्याच्या दारासमोर जेवढी भिंत येते तेवढी त्यानं सांभाळायची, रंग मात्र सगळ्यांचा एकच, पिस्त्याचा. यंदा माझ्या तुकड्यावर इतकं शेवाळ चढलं की दिवाळीनंतर मी तारेचा ब्रश घेऊन ते खरवडलं. शेवाळाबरोबर रंगही निघाला. माझं घर सात नंबरचं, म्हणजे ओळीच्या जवळजवळ मध्यावर. हसताना समोरचा दात पडलेला दिसावा तशी सोसायटी दिसायला लागली.

त्यातून पुढच्याच रविवारी सोसायटीला दहा वर्षं पूर्ण होत होती, आणि भिंतीसमोर सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलेलं होतं. सोमवारी सेक्रेटरी विठ्ठलराव मला फाटकाशी गाठून म्हणाले, “सर, फोटोत ते बरं दिसणार नाही.” विठ्ठलराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण शिक्का असल्याशिवाय स्वतःच्या नावावरही विश्वास न ठेवणारा.

मी म्हणालो, “शनिवारपर्यंत भिंत करून देतो. स्वतः करतो.”

हे शेवटचे दोन शब्द बोलायची काही गरज नव्हती. पण मे महिन्यात निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं, आणि माणूस रिकामा असला की त्याच्या तोंडून असे शब्द आपोआप निघतात.

आमचा पिस्ता रंग दुकानात तयार मिळत नाही. चार वर्षांपूर्वी टाकवे बुद्रुकच्या केरबा रंगाऱ्यानं तो जागेवरच हिरवा आणि पांढरा मिसळून केला होता. मी केरबाला फोन लावला. तो शेतात होता.

“सर, इंद्रायणी भाताची कापनी चाललीया. या आठवड्यात काय मला जमायचं न्हाई.”

“तुला यायला नको रे. फक्त प्रमाण सांग.”

“येकाला तीन. येक हिरवा, तीन पांढरा. पन सर, तुमी कशाला…”

मी फोन ठेवला. एकास तीन! सातवीचं पाचवं प्रकरण! अठ्ठावीस वर्षं मी हेच शिकवलं होतं. ज्योत्स्ना, म्हणजे माझी बायको, भाजी निवडत होती. ती म्हणाली, “अहो, केरबाला आठवडाभरानं बोलवा ना. फोटोतली तेवढी भिंत काय, कापूनही टाकता येते.” बायकोनं असं म्हटल्यावर जगातला कुठलाही नवरा मागे फिरलेला नाही.

बाजारातलं रंगाचं दुकान अतुलचं. अतुल माझा विद्यार्थी. गणितात बेताचाच, पण वागायला गोड. मी त्याच्याकडून एक लिटर हिरवा आणि तीन लिटर पांढरा घेतला, आणि अडीअडचणीला असावा म्हणून दोन्ही एकेक लिटर जास्तीचा घेतला. अतुलनं डबे बांधताना विचारलं, “सर, माणूस पाठवू का?” मी नुसता हसलो. त्या हसण्याची आता मला लाज वाटते.

मंगळवारी सकाळी मी बादली बाहेर आणली. मध्यमवर्गीय वस्तीत एखाद्यानं बादली आणि ब्रश घेऊन फाटकाबाहेर उभं राहणं म्हणजे दवंडी पिटल्यासारखंच असतं. दहा मिनिटांत पाच माणसं जमली. कुणी म्हणालं आधी भिंत भिजवा, कुणी म्हणालं भिजवली तर मेलात. शनिवार-रविवारी येणारे दहा नंबरवाले त्या दिवशी मंगळवार असूनही आले होते. ते म्हणाले, “आमच्या मुंबईला मशीनवर करतात.” मी सगळ्यांकडे दुर्लक्ष करून एक हिरवा आणि तीन पांढरा बादलीत ओतला आणि काठीनं ढवळला. हुबेहूब पिस्ता. कुणी मला तिथंच थांबवलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती.

पण आठ नंबरच्या अनिताताई म्हणाल्या, “सर, भिंत खरवडलेली आहे, रंग फार पिणार. चार लिटर पुरायचा नाही. ते उरलेले एकेक लिटरपण घाला ना. दोन्हीत सारखंच वाढवलं की रंग तोच राहील.”

आता माझी बाजू समजून घ्या. समीकरणात दोन्ही बाजूंना सारखी संख्या मिळवली तर समीकरण बिघडत नाही, हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षांत किमान अठ्ठावीस हजार वेळा उच्चारलं असेल. ‘दोन्हीत सारखंच’ हे शब्द कानावर पडताच ते वाक्य आतून आपोआप सुरू झालं. मी खणखणीत आवाजात म्हणालो, “बरोबर! दोन्हीकडे सारखं मिळवलं की काही बदलत नाही!” आणि सर्वांदेखत एक हिरवा, एक पांढरा बादलीत ओतला.

दोन हिरवे, चार पांढरे. दोनास चार म्हणजे एकास दोन. सातवीतल्या पोराला कळेल. मला कळलं नाही.

ओल्या रंगाला तसाही काही अर्थ नसतो. तीन लिटरमध्ये पहिला हात पूर्ण झाला, पाच जणांनी मान डोलावली, अनिताताईंनी चहा पाठवला. मी रात्री गाढ झोपलो.

बुधवारी सकाळी ज्योत्स्नानं मला उठवलं. म्हणाली, “अहो, बाहेर या जरा. घाबरू नका.”

भिंत वाळली होती. दोन्ही बाजूंना पिस्ता आणि मध्ये तीस फूट मटार.

मी दगडावर बसलो. मग बोटांवर मोजत बसलो, आणि मग चूक सापडली. ती सापडली तेव्हा माझी जी अवस्था झाली ती सांगत नाही. याच चुकीवर मी किती पोरांचे मार्क कापले असतील! एकास तीनचं एकास तीनच ठेवायचं तर दोन्ही पदांना त्याच संख्येनं गुणायचं. दोनास सहा, तीनास नऊ. मिळवायचं नाही. मिळवलं की गेलं.

ज्योत्स्ना म्हणाली, “मला कालच वाटलं होतं. इडलीला तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेतो. पाहुणे आले म्हणून तांदूळ एक वाटी वाढवला आणि डाळही एक वाटी वाढवली, तर इडली होईल का?”

“मग काल का नाही बोललीस?”

“पाच माणसांसमोर?”

बायको चारचौघांत आपली अब्रू राखते याचा आनंद मानावा, की त्या अब्रूची किंमत मटार रंगाची भिंत आहे याचं दुःख करावं, हे मला ठरवता आलं नाही.

उपाय सोपा होता. दोनास चार झालंय, दोनास सहा करायचं, म्हणजे दोन लिटर पांढरा हवा. मी तडक अतुलकडून दोन लिटर पांढरा आणला आणि बादलीत ओतला. ओतल्यावर आठवलं की बादलीत सहा लिटर राहिलाच नव्हता. निम्मा भिंतीवर गेला होता. बादलीत होता एक हिरवा आणि दोन पांढरा. त्यात दोन पडले. एकास चार! हातभर पट्टा मारून पाहिला. वाळल्यावर तो ताकासारखा दिसू लागला. आता माझी भिंत मटाराची, मधोमध ताकाची.

गुरुवारी मी तिसऱ्यांदा अतुलच्या दुकानात गेलो. चार पांढऱ्याला एकास तीननं हिरवा हवा एक लिटर आणि वर तिसरा हिस्सा. म्हणजे मला फक्त एका लिटराचा तिसरा हिस्सा हवा होता. अतुल म्हणाला, “सर, लिटरच्या खाली डबा नाही. घरी मोजून घाला.” मग जरा घुटमळून, गल्ल्यावर वाकून, इतर गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “सर, रागावू नका. एक विचारू? पहिल्यांदा दोन्हीत एकेक मिळवलंत का?”

मी डब्यावरचं लेबल वाचू लागलो.

“नाही, म्हणजे मीही सातवीत हेच करायचो. तुम्ही मला उभं केलं होतं. वर्गात.”

“किती वेळ?” मी विचारलं.

“तास संपेपर्यंत. पण सर, तेव्हापासून नाही चुकलो. दुकान त्याच्यावरच चालतं.” आणि तो हसला, अगदी मनापासून. त्यात कुठेही कुत्सितपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी डबा घेतला आणि दुकानाबाहेर पडल्यावर बराच वेळ मला रस्ता दिसत नव्हता. त्या पोराला उभं करण्याऐवजी एक बादली दिली असती तर?

घरी येऊन मी मापाचं भांडं घेतलं, डबा उघडला, आणि तिसरा हिस्सा ओतण्यासाठी श्वास रोखून वाकलो. तेवढ्यात मागून आवाज आला, “भालेराव सर, सही हवी!”

डबा हातातून सुटला आणि सबंध लिटर बादलीत गेला.

मागे विठ्ठलराव उभे. त्यांच्या हातात नोटीस. जावक क्रमांक, दिनांक, विषय : सात क्रमांकाच्या भिंतीचा रंग मंजूर ठरावानुसार नसणेबाबत. मी नोटीस वाचली नाही. मी बादलीकडे बघत होतो. दोन हिरवे, चार पांढरे, एकूण सहा लिटर. तीन दिवस राबून, तीन डब्यांचा चुराडा करून, मी अनिताताईंच्या सल्ल्यानंतर जिथं होतो नेमका तिथं येऊन पोचलो होतो.

“काही हरकत नाही,” मी म्हणालो, कारण आता काही हरकत उरलीच नव्हती. “एकास तीन करतो.”

“एकास तीन?” विठ्ठलरावांनी रजिस्टर उघडलं. ते रजिस्टर त्यांच्या बगलेला कायम असतं. “हे बघा. चार वर्षांपूर्वीचा ठराव. हिरवा दोन डबे, पांढरा सहा डबे. दोनास सहा. एकास तीन मंजूर नाही.”

“अहो, ते एकच आहे.”

“एकच कसं? सहा म्हणजे सहा. तुम्ही तीनच घालणार, मग बाकीचा पांढरा गेला कुठं?”

आवाज ऐकून अनिताताई आल्या. म्हणाल्या, “दोनास सहा नाहीच मुळी. केरबानं मला चारास बारा सांगितलं होतं. कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.” त्यांनी घरात जाऊन खरोखर चार वर्षांपूर्वीचं कॅलेंडर आणलं. दहा नंबरवाल्यांनी फाटकातून ओरडून सांगितलं की चार डब्यांत एक डबा हिरवा, असं त्यांच्या पक्कं लक्षात आहे. म्हणजे एकूण चारात एक! आणि हे सगळे एकमेकांवर तुटून पडले. माझ्या डोळ्यांसमोर तीन माणसं एकच गोष्ट तीन तऱ्हेनं म्हणत होती आणि प्रत्येकजण बाकीच्या दोघांना खोटं ठरवत होता. मी मध्ये उभा राहून “अहो, सगळं एकच आहे” असं म्हणालो, त्याबरोबर ते सगळे एकजुटीनं माझ्यावर उलटले. “तुम्ही बोलू नका सर,” अनिताताई म्हणाल्या, “भिंत बघा आधी स्वतःची.”

मी भिंत बघितली.

“एकास तीन करायचं असेल,” विठ्ठलराव शेवटी म्हणाले, “तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. सात दिवसांची नोटीस.”

रविवार तीन दिवसांवर होता. मी बादलीकडे पाहिलं. दोन हिरवे, चार पांढरे. मी शांतपणे विचारलं, “दोनास सहा केलं तर चालेल?”

“ते तर मंजूरच आहे.”

मी अतुलकडून दोन लिटर पांढरा मागवला आणि विठ्ठलरावांच्या देखत बादलीत ओतला. दोन हिरवे, सहा पांढरे, आठ लिटर. ज्या माणसाला एकास तीन पटत नव्हतं त्याच्याच आग्रहानं माझा रंग एकास तीन झाला. शुक्रवारी मी दोन हात मारले. दंडात गोळे आले. कुणी चहा पाठवला नाही.

शनिवारी सकाळी भिंत वाळली, आणि पाहतो तर ती अजूनही वेगळी दिसत होती! मटार नाही, ताक नाही, पण शेजारच्यांपेक्षा ठसठशीत. विठ्ठलराव रजिस्टर घेऊन आले, भिंतीजवळ गेले, लांब गेले, चष्मा काढून पाहिलं. बाकीचेही जमले. मी तर हरलोच होतो. ज्योत्स्ना माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, हे तेवढं मला जाणवलं.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. केरबा. कापलेलं भात शेतात वाळायला टाकलं होतं, दोन दिवस मोकळा होता, आणि माझ्या फोननंतर त्याच्या जिवाला घोर लागला होता, असं त्यानं नंतर सांगितलं. तो काही न बोलता भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, नखानं एकदा खरवडलं आणि परत आला.

“रंग कुनी कालवला?”

“मी,” मी म्हणालो.

“बरुबर हाय. ह्योच रंग. चार वर्सांमागं सगळ्या भितींचा असाच व्हता.” त्यानं इकडून तिकडे हात फिरवला. “बाकीच्या अकरा इटल्यात. ऊन-पावसानं.”

माणसाला आपली भिंत विटली आहे हे कळायला चार वर्षं लागत नाहीत, शेजाऱ्याची नवी व्हावी लागते. सगळ्यांनी आपापल्या तुकड्याकडे पाहिलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. विठ्ठलरावांचा सगळ्यात जास्त, कारण नियमाप्रमाणे त्यांना आता अकरा नोटिसा काढाव्या लागणार होत्या, आणि त्यातली एक स्वतःला.

“उद्या फोटो आहे,” अनिताताई म्हणाल्या. “आजच्या आज रंगवूया. सगळे मिळून. सर, एका भिंतीला किती लागतो?”

पाच दिवसांत मला कुणी सर म्हणून काही विचारल्याचं हे पहिलंच. “मन लावून मारला तर चार लिटर. एक हिरवा, तीन पांढरा. अकरा भिंतींना अकरा हिरवा, तेहतीस पांढरा.”

विठ्ठलरावांनी रजिस्टर उघडलं. त्यांचे ओठ हलत होते. मग मान वर करून ते म्हणाले, “अकरा दोनाच्या पाढ्यात येत नाहीत.”

आता मात्र मी चिडलो नाही. अनिताताईंकडचा चहा नुकताच आला होता. विठ्ठलरावांच्या हातात त्यांचा घरून आणलेला मोठा मग होता, माझ्या हातात चिमुकला कप. दोन्ही एकाच पातेल्यातून भरलेले. मी म्हणालो, “विठ्ठलराव, माझ्या कपातला घोट घेऊन बघा. मग तुमच्या मगातला. गोड कुठला जास्त?”

त्यांनी दोन्ही चाखले. जरा वेळ घेतला, कारण ते प्रामाणिक आहेत. “सारखेच.”

“तुमच्या मगात चहा जास्त, साखरही जास्त. माझ्या कपात चहा कमी, साखरही तेवढीच कमी. चव तीच. दोनास सहा हा तुमचा मग, एकास तीन हा माझा कप, आणि अकरास तेहतीस हे अनिताताईंचं पातेलं.”

विठ्ठलराव मगात बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. वर्गात मागच्या बाकावर कधीतरी ते उमटायचं आणि मी त्या दिवशी घरी गाणं म्हणत यायचो. “म्हणजे डबे बदलले तरी नातं बदलत नाही,” ते म्हणाले.

“तेच!”

“पटलं,” ते म्हणाले. “पण मतदान घ्यावं लागेल.”

सर्वसाधारण सभा तिथल्या तिथे भरली. तातडीची बाब म्हणून सात दिवसांची अट विठ्ठलरावांनी स्वतः शिथिल केली आणि तशी नोंदही केली. ‘१ : ३, २ : ६, ४ : १२ व ११ : ३३ ही सर्व गुणोत्तरं समान असल्याचं ही सभा मान्य करत आहे.’ हजर घरं नऊ. बाजूनं आठ, विरोधात एक. गणितातलं सत्य बहुमतानं मंजूर झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. पण विरोधात कोण?

विरोधात ज्योत्स्ना. घर तिच्या नावावर आहे, त्यामुळे मत तिचं.

“अगं, तुला पटलं नाही?” मी थक्क होऊन विचारलं.

“गणित बरोबरच आहे,” ती म्हणाली. “पण ठराव पास झाला की रंग कालवायला हेच बसणार. म्हणून विरोध.”

सभा हसली. मीही हसलो, थोडा उशिरा. विठ्ठलरावांनी गंभीरपणे तिची हरकत लिहून घेतली आणि ठरावाखाली एक पोटकलम टाकलं, की रंग केरबा यांनी कालवावा, भालेराव सरांनी फक्त मोजावा.

अतुलनं डबे स्वतः टेम्पोत घालून आणले. बिल देऊन निघून न जाता त्यानं बाह्या सरसावल्या. मोठं पिंप आणलं. मी खुर्चीवर बसून मोजत होतो, केरबा ओतत होता, अतुल ढवळत होता. अकरा हिरवे झाले, तेहतीस पांढरे झाले. बायका-पुरुष सगळे ब्रश घेऊन आपापल्या भिंतीशी उभे राहिले.

तेवढ्यात केरबाला टेम्पोच्या कोपऱ्यात हिरव्याचा एक अर्धा भरलेला डबा सापडला. “सर, ह्यो आर्दा लिटर उगाच वाया जाईल. टाकू काय?”

आजूबाजूचे ब्रश थांबले. ज्योत्स्ना कमरेवर हात ठेवून बघत होती. अतुल ढवळायचा थांबला.

“दीड लिटर पांढरा असेल तर टाक,” मी म्हणालो. “नाहीतर झाकण लाव.”

केरबानं टेम्पोत वाकून पाहिलं. “पांढरा संपला.”

“मग झाकण.”

त्यानं झाकण लावलं. अतुल खाली मान घालून हसला आणि पुन्हा ढवळायला लागला. विठ्ठलराव रजिस्टर उघडून उभे होते, बोट ठरावावर. “अर्ध्याला दीड,” ते पुटपुटले, “हेही… हो, बसतंय.” मग त्यांनी रजिस्टर मिटलं, बगलेत न घालता माझ्या खुर्चीखाली ठेवलं आणि अनिताताईंना विचारलं, “ब्रश उरलाय का एखादा?”